जिभेखालचा कॅमेरा आणि आम्ही

आमच्या लॅबमध्ये सॅम्पल उणे ऐंशी डिग्रीला ठेवावी लागतात, नाहीतर खराब होतात. किस्से मात्र चेन्नईच्या उकाड्यातही अजिबात नासत नाहीत! ते साठतच जातात. दुपारच्या डब्याला एकाने झाकण काढलं की दुसऱ्याचं निघालंच म्हणून समजा.

काम तसं गंभीर आहे. एग्मोरच्या बाजूला एका हॉस्पिटलात, आयसीयूच्या बरोबर वरच्या मजल्यावर आमची रिसर्च लॅब. विषय सेप्सिस. म्हणजे शरीरात कुठेतरी इन्फेक्शन होतं आणि शरीर त्याच्याशी लढायला इतक्या त्वेषानं उठतं की स्वतःचीच नासधूस करून घेतं. रक्तवाहिन्यांना आतून एक फार नाजूक अस्तर असतं. सेप्सिसमध्ये ते फाटतं. मग वाहिन्या गळायला लागतात, बारीक वाहिन्यांत रक्त अडतं. हे अस्तर फाटतं कसं आणि वाचवायचं कसं, हे आम्ही शोधतो. खाली माणसं जिवाशी झगडत असतात आणि वर आम्ही हसतो. हसलो नाही ना, तर दुसऱ्या दिवशी यायचं बळच उरणार नाही.

मी मुक्ता, मूळची नाशिकची. पीएचडी झाल्यावर "थोडे दिवस अनुभव घेऊन येते" असं आईला सांगून इथे आले, ती अजून अनुभवच घेतेय. आमच्या बॉस डॉ. वासंती मॅडम. पुराव्याशिवाय कशावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. "मॅडम, आज फार गरम होतंय" असं कुणी सहज म्हटलं तरी त्या वळून विचारतात, "कशाच्या तुलनेत?"

* * *

आल्या आल्या माझ्याकडे काम आलं ते जिभेखालच्या कॅमेऱ्याचं. पेनाएवढा छोटा कॅमेरा. जिभेखाली धरला की तिथल्या बारीक वाहिन्यांतून धावणारं रक्त स्क्रीनवर दिसतं. पेशंटशी तुलना करायची तर निरोगी माणसंही तपासायला हवीत. त्यांना तमिळमध्ये "जीभ वर उचला" एवढंच सांगायचं होतं. मी वाक्य पाठ केलं.

आता तमिळमध्ये जिभेला म्हणतात नाक्कु, आणि नाकाला म्हणतात मूक्कु. मराठी माणसानं करायचं काय? नाक्कु म्हणजे नाकच असणार, या हिशोबानं मी दुसरा शब्द उचलला.

पहिले व्हॉलंटियर होते एक रिटायर्ड हेडमास्तर. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर विभूती. मी हसून म्हटलं, "सर, मूक्कु वर उचला."

त्यांनी शांतपणे मान मागे टाकून छताकडे पाहिलं.

मी म्हटलं, "अजून वर!"

बिचारे खुर्चीतून अर्धे उठले. चवडे टेकवले, मान आणखी ताणली आणि तशाच अवस्थेत इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, माझ्या वयाला नाक याच्यावर जात नाही!"

* * *

निरोगी माणसांना दुसरी अट म्हणजे सकाळी कॉफी न पिता यायचं. मुंबईत समुद्र बंद ठेवा म्हणावं, तशी ही चेन्नईत अट!

"जमेल" म्हणून छातीठोकपणे पुढे आले ते आमचे आयसीयूचे डॉ. राव. हे तंजावूरचे मराठी. घरात अजून मराठी बोलतात, पण ते मराठी आपल्या इतिहासाच्या पुस्तकातून उठून आल्यासारखं आणि चाल मात्र तमिळ. माझी पहिली भेट झाली तेव्हा म्हणाले, "यावें, बैसावें. जेवलांत-आ?" मला वाटलं, आता विडा देतात की काय!

तर राव कॅमेऱ्यासमोर बसले. मी कॅमेरा लावला. स्क्रीनवर सगळं तपकिरी धुकं. लेन्स पुसली, पुन्हा लावला. पुन्हा धुकं, वर एक गोल बुडबुडा तरंगत चाललेला. वासंती मॅडम वाकून स्क्रीन बघू लागल्या.

"राव, ही केशवाहिनी आहे की कॉफीचं डिकॉक्शन?"

जिभेखाली कॅमेरा असल्यामुळे रावांना काही बोलता येईना. त्यांनी फक्त बोटांनी खूण केली. इतकुशी. अगदी इतकुशीच!

* * *

आमच्या प्रयोगांना रक्तवाहिनीच्या अस्तराच्या जिवंत पेशी लागतात आणि त्या मिळतात बाळाच्या नाळेतून. बाळंतिणीची परवानगी आधीच घेतलेली असते. एरवी ती नाळ टाकूनच देतात. प्रसूती वॉर्डच्या स्टेला सिस्टर आमच्या लाडक्या. नाळ मिळाली की लगेच फोन करतात.

संक्रांतीनंतर इथल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. मी नवीनच. पैठण्या, गजरे, तिळगूळ, सगळा थाट. माझ्या दोन्ही हातांना हळद, तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या देशपांडे काकूंनी मदत म्हणून स्पीकर लावून दिला. हॉलभर स्टेला सिस्टरचा खणखणीत इंग्रजी आवाज घुमला.

"मुक्ता! बेबी झालं! मुलगी आहे! लवकर ये, नाहीतर टाकून देतील!"

सगळ्या बायकांचे डोळे माझ्यावर. मी घाईघाईनं म्हटलं, "नाही हो, ती नाळ... मला न्यायला हवी, मी आलेच!" आणि हात तसेच घेऊन पळाले. जिना उतरते तर मागून धपधप आवाज. देशपांडे काकू! एका हातात पर्स, दुसऱ्या हातात तिळगुळाचा डबा.

"मी येते तुझ्याबरोबर. मुलगी म्हणून टाकतात म्हणजे काय? बघतेच मी एकेकाला!"

रिक्षात मी सगळं समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, पण डोळ्यातला संशय हलेना. शेवटी वॉर्डात बाळ बघितलं. गोरंगोमटं, मुठी आवळून आईच्या कुशीत ढाराढूर झोपलेलं. आजी बाजूला, बाप दाराशी, सगळे खुशीत. मग कुठे काकूंचा जीव भांड्यात पडला. मी बरणीत नाळ घेऊन निघाले तर काकू गायब. शोधलं तर एकेका खाटेपाशी जाऊन मराठीत "तिळगूळ घ्या, गोड बोला" चाललेलं, आणि बाळंतिणी तमिळमध्ये आशीर्वाद मागत होत्या!

* * *

सरवणन आमचा इंजिनियर. आधी चेन्नईजवळ ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात होता. तिथे त्याचं काम म्हणजे पाइप गळतात का ते तपासायचं. इथे त्यानं काचेच्या छोट्या पट्टीवर कृत्रिम रक्तवाहिनी बनवली. आत नाळेतल्या पेशींचं अस्तर, आणि पंपानं त्यातून पोषक द्रव खेळवायचा, रक्तासारखा. फार देखणं काम. अस्तर शाबूत होतं, बाहेर थेंब येत नव्हता.

मग आम्ही त्यातून एका सेप्सिसच्या पेशंटच्या रक्तातला द्रव सोडला, सोबत हिरवा चमकणारा रंग. सगळे मायक्रोस्कोपभोवती श्वास रोखून. हळूहळू हिरवा रंग वाहिनीच्या भिंतीतून बाहेर झिरपायला लागला. पेशंटच्या शरीरात जे होतं, ते पहिल्यांदाच आमच्या डोळ्यांसमोर, जसंच्या तसं! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मिठी मारली. वासंती मॅडमसुद्धा चक्क हसल्या.

सरवणन कुठाय?

तो कोपऱ्यात उभा, तोंड उतरलेलं. "सॉरी मॅडम. कुठे चुकलं कळत नाही. संध्याकाळपर्यंत गळती बंद करून देतो." आणि त्याच्या हातात सिलिकॉनची ट्यूब!

मी त्याला समजावलं की अरे, गळायलाच हवं होतं, म्हणून तर आनंद. त्याला पटायला वेळ लागला. मग पेढे वाटले तेव्हा एक तोंडात टाकून म्हणाला, "ओरगडमला हेच झालं की मेमो मिळायचा!"

* * *

आता नितीनचं सांगते.

नितीन ओरगडमलाच एका ट्रकच्या कारखान्यात होता, बार्शीकडचा पोरगा. पोट दुखत होतं, ॲसिडिटी म्हणून गोळ्या घेत राहिला, आणि आत अपेंडिक्स फुटलं. आमच्याकडे आणला तेव्हा ऑपरेशन लगेच झालं, पण सेप्सिस पसरला होता. व्हेंटिलेटर, बीपी टिकेना.

गावाहून त्याची आई आली. सुमनताई. अंगणवाडी सेविका. तमिळ येत नाही, इंग्रजी येत नाही, बरोबर दुसरं कुणी नाही. राव पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "मातोश्री, आपण भिऊं नये. पुत्राचे अंगीं रक्त अडलें आहे. आम्ही शर्थ करितों आहों."

ताई बघतच राहिल्या. मग हळूच मला विचारलं, "हे डॉक्टर कीर्तन पण करतात का गं?"

पण त्यांना धीर आला. अभ्यासासाठी कॅमेरा लावू का, म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "लाव. पण मला पण दाखव."

मी दाखवलं. वाहिन्यांचं जाळं, आणि त्यात जागोजागी अडून राहिलेल्या तांबड्या पेशी. "या बारीक वाटेतून एका वेळी एकच पेशी जाऊ शकते," मी म्हटलं. "त्या चालत्या राहायला हव्यात. पण थांबल्यात."

ताईंनी स्क्रीनकडे टक लावून पाहिलं. मी वाट बघत होते, आता रडतील. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"ए! दारात काय गर्दी लावलीय? चला बरं! ढकलाढकली नाही. एकामागं एक, रांगेत!"

अख्खा आयसीयू वळून बघायला लागला. वासंती मॅडमनी विचारलं, "काय म्हणतायत त्या?" रावांनी तमिळमध्ये सांगितलं. मॅडमनी घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवली.

औषधं चालू होती, सगळे झटत होते. ताई रोज भेटीच्या वेळी यायच्या, हात धुवायच्या, टोपी-गाऊन चढवायच्या आणि माझ्या स्क्रीनसमोर उभ्या राहून पोरांना दटावायच्या. "तू रे, कोपऱ्यातला! तुला वेगळं सांगू का?" एका दुपारी मी कॅमेरा लावला. पेशी धावत होत्या. सगळ्या वाटांनी, एकापाठोपाठ एक. ताईंनी पाहिलं, "शाब्बास" म्हणाल्या आणि मग मात्र तिथेच बसून पदरात तोंड घालून रडल्या.

नितीनची नळी निघाली. मग तो बसला, चालला. घरी न्यायचा दिवस आला. मी भारावून मॅडमना म्हटलं, "मॅडम, ताईंमुळे..."

"मुक्ता," मॅडमनी मला तिथेच तोडलं, "अँटिबायोटिक, ऑपरेशन आणि नर्सिंग. एका पेशंटवरून निष्कर्ष काढायचा नसतो."

मी लिफ्टकडे वळले.

खाली नितीन व्हीलचेअरवर, टॅक्सी दाराशी, ताईंच्या दोन्ही हातांत पिशव्या. राव आणि मी निरोप द्यायला उभे. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि वासंती मॅडम बाहेर आल्या. भरभर चालत, चष्मा डोक्यावर. रावांपाशी येऊन थांबल्या, आजूबाजूला बघितलं, घसा साफ केला.

"राव, त्यांना विचारा, ट्रेनला वेळ आहे का. चार नंबर बेडचं रक्त सकाळपासून हलत नाहीये."

रावांनी विचारलं. सुमनताईंनी पिशव्या खाली ठेवल्या, पदर खोचला.

"चला, दाखवा. कुठं थांबलीत पोरं?"