इस्त्रीने गेलेली नक्षी

सुरतेत माझ्याइतकं पातळ कापड कोणाच्या बापाने विणलं नाही. माझ्या बापानेही नाही. आणि त्याचे लिंबायतमधले माग असे दणदणायचे की हजीऱ्याच्या बंदराला लागलेली जहाजं बिचकून समुद्रात परत जायची. माझ्या कापडाचे एकावर एक लाख थर रचा, तेव्हा कुठे केसाएवढी जाडी होईल. लोक हसतात. माझ्या साऱ्या थापांत खरी तेवढीच आहे.

हे कापड म्हणजे प्रयोगशाळेतला अर्धवाहक, अणूंचा एक पदर. त्यावर तसाच दुसरा पदर ठेवायचा, पण एका अंशाहूनही कमी तिरका. मग आपोआप त्रिकोणांची नक्षी उमटते. एका त्रिकोणात विजेचा कल वर, शेजारच्यात खाली, त्याच्या पलीकडे पुन्हा वर. सगळ्यांची बेरीज मात्र शून्य. आमची चाळच म्हणा ना.

बाप गेल्यावर खोलीत मी आणि माय उरलो. मी दिवसभर प्रयोगशाळेत, ती दिवसभर भिंतींशी. मोठ्या भावाने तिला धुळ्याकडे गावी बोलावलं आणि तिने पिशवी भरली. मला वाटलं, हिला एकदा नक्षी दाखवली की पिशवी रिकामी करेल. म्हणून ठोकून दिलं, "माय, अशी नक्षी, की पैठणीवरचे मोर लाजून उडून जातील!"

निघायच्या आदल्या दिवशी ती प्रयोगशाळेत यायला तयार झाली. सकाळी नमुना पाहतो, तर दोन पदरांत बुडबुडे. पाहुण्यापुढे बिनइस्त्रीचं कापड पसरायचं नाही, हा आमच्या घरचा धर्म. मी नमुना तापवला. बुडबुडे गेले खरे, पण उष्णतेने वरचा पदर हळूच फिरला आणि खालच्याशी तंतोतंत जुळून बसला. तिरकेपणा गेला, आणि त्याच्याबरोबर नक्षीही.

माय आली ती ठेवणीतली साडी नेसून. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच करडा रंग.

"हाई काय शे?"

त्या दिवशी या थापाड्याने एकही थाप मारली नाही. पदर जुळले म्हणून नक्षी गेली, एवढंच सांगितलं.

तिने पडदा नीट न्याहाळला. "जुळनात ना दोन्ही? मंग तोंड कसाले पाडस?"

दुसऱ्या दिवशी उधना स्टेशनावर मी तिला गाडीत बसवलं. पिशवी चांगलीच जड होती.

पुढे मी नवे पदर रचले. या वेळी इस्त्री केली नाही. नक्षी अशी उतरली की मी आनंदाने ओरडलो; ऐकायला फक्त एसी होता. भावाच्या मोबाइलवर फोटो पाठवला आणि लगेच फोन लावला.

"हाई तं बिघडी गयं रे पोऱ्या, जुळनं नही," माय म्हणाली.

"हा माय, बिघडी गयं. देखाले येशी का?"

पलीकडच्या भरल्या घरात ती कोणाला तरी गॅस बंद करायला सांगत होती.