जुन्या नंबरची मालकीण

कासारवाडीत टेम्पोच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर माझं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, एक लॅपटॉप आणि खालून येणारा ऑइलचा वास. लॅपटॉपचा पंखा असा ओरडायचा की खालचा दुकानदार जिना चढून यायचा आणि विचारायचा, "राव, पिठाची चक्की टाकली का?" मालगाडी गेली की भिंत हलायची आणि स्क्रीनवरची अक्षरं दोन इंच डावीकडे सरकायची. यातलं निम्मं खोटं आहे. पण वेबसाइटच्या धंद्यात निम्मं खरं बोलणारा माणूस म्हणजे संतच.

मी छोट्या कारखानदारांच्या वेबसाइट बनवायचो. भोसरी, चिखली, चाकणच्या शेडमधली माणसं. कुणाच्या दोन लेथ, कुणाचे चार प्रेस. माझ्या हातून गेलं की दोन लेथचा 'अत्याधुनिक उत्पादन प्रकल्प' व्हायचा, पत्र्याच्या शेडला काचेची भिंत यायची आणि मालकाचा बेकार मेहुणा 'गुणवत्ता प्रमुख' म्हणून टाय लावून उभा राहायचा. एका गिऱ्हाइकानं स्वतःची साइट बघून मला फोन केला होता, "भावा, ही कंपनी हाय कुठं? मला तिथं नोकरी मिळंल का?"

धंदा वाढला. बोलताना मी शंभर साइट सांगायचो. खऱ्या चोवीस होत्या.

प्रत्येक साइटला एक नाव लागतं आणि ते नाव दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावं लागतं. चुकलं की साइट बंद, त्या नावावरचे ईमेल बंद. गिऱ्हाइकांना मी हे त्यांच्या भाषेत सांगायचो: "हा तुमचा इंटरनेटवरचा सातबारा. कुणाचा बाप तो हलवू शकत नाही." ऐकणाऱ्याची छाती फुगायची. खरी गोष्ट अशी की चोवीसच्या चोवीस सातबारे माझ्या नावावर होते. एक खातं, एक पासवर्ड, एक मोबाइल नंबर. चोवीस मालकांना एकेक करून समोर बसवायचं, त्यांची खाती उघडून द्यायची, याचा कंटाळा. आणि थोडं कपटही होतं, आता लपवून काय करू. नाव आपल्या मुठीत असलं की गिऱ्हाईक दुसऱ्याकडं पळत नाही.

मग मी मोबाइल नंबर बदलला. दुसरी कंपनी स्वस्तात देत होती. जुन्याचा रिचार्ज थांबवला आणि विसरलो. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी मिळतो, हे मला माहीत होतं. माणूस मरतो हे जसं सगळ्यांना माहीत असतं, तसं.

भोसरीत एक ताई रबराच्या सीलचा कारखाना चालवायच्या. लातूरकडच्या. नवरा गेल्यावर चार प्रेस आणि नऊ कामगार त्यांनी एकटीनं धरून ठेवलेले. माझं पहिलं गिऱ्हाईक. साइट बनवताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "भाऊ, नाव आपलंच राहतंय ना?" मी सातबारा ऐकवला होता. त्यांचं सगळं काम चाकणच्या एका मोठ्या प्लँटचं. दर आठवड्याला किती माल, कधी, हे त्या नावाच्या ईमेलवर यायचं.

त्या नावाची मुदत संपायला पाच दिवस राहिले, तेव्हा मी खातं उघडायला गेलो. पासवर्ड टाकला. स्क्रीन म्हणाली, तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. शेवटचे चार आकडे माझेच होते. जुन्या नंबरचे.

कस्टमर केअरच्या मुलीला मी माझी सगळी कुंडली सांगितली. ती गोड आवाजात म्हणाली, "कागदपत्रं पाठवा सर, दहा कामाचे दिवस लागतील." पाच दिवसांत दहा दिवस बसवायची विद्या मला अजून कुणी शिकवलेली नाही.

मेल बंद पडणं ही अर्धी भीती. पाटबंधाऱ्याचं पाणी सुटावं तसं ते नाव एकदा सुटलं की कुणीही अडवावं. ज्याच्या हातात जाईल तो दुसऱ्या दिवशी ताईंच्या नावानं प्लँटला पत्र लिहील: आमचं बँक खातं बदललंय, यापुढं पैसे इथं पाठवा. ताईंना कळेपर्यंत चार प्रेस थंड पडलेले असतील.

मी माझ्याच जुन्या नंबरवर फोन लावला. एका म्हाताऱ्या बाईनं उचलला.

"मावशी, नमस्कार. हा नंबर आधी माझा होता."

"मग सोडलास कशाला?"

"त्याचं असं झालं... तुमच्या फोनवर आत्ता एक सहा आकडी मेसेज आला असेल बघा."

"आला की."

"तेवढा सांगता का मला?"

फोन बंद.

पुन्हा लावला. "माझ्या पोरानं सांगितलंय," बाई म्हणाली, "ओटीपी इचारील त्याला आधी शिवी द्यायची, मग फोन ठेवायचा. देऊ का?"

मी खरं सांगत होतो आणि जगातला प्रत्येक भामटा नेमकं हेच सांगतो. उभ्या जन्मात मी इतकं खरं बोललो नव्हतो आणि एकही शब्द खपत नव्हता. मग मूळ स्वभावावर गेलो. तासाभरानं आवाज घोगरा करून म्हटलं, "मी मोबाइल कंपनीचा अधिकारी बोलतोय."

"सकाळी नंबरचा मालक व्हतास. तासाभरात बढती झाली व्हय रं?"

मी ओशाळून हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "तू एक आन् त्यो दुसरा एक. काय लावलंय तुमी?"

"दुसरा कोण?"

"मला काय म्हाईत. आठ दीस झालं. रोज साडेतीनला मेसेज येतो, मागनं त्याचा फोन. त्यो बी म्हनतो, नंबर माझा व्हता. लई ग्वाड बोलतो. तुझ्यापरीस ग्वाड."

मी तर खातं उघडायला बसलो होतो ते त्याच दिवशी सकाळी. आणि ओटीपी जातो तो पासवर्ड बरोबर पडल्यावर; 'पासवर्ड विसरलो' दाबलं असतं तर मला ईमेलही आला असता, तो आला नव्हता. म्हणजे आठ दिवस माझा पासवर्ड कुणीतरी दुसरा टाकत होता. बरोबर टाकत होता.

कुठून मिळाला असेल, हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. दसऱ्याला ऑफिसात लॅपटॉपला हार घालून पूजा केली होती आणि तो फोटो मी पिंपरी-चिंचवडमधल्या असतील नसतील तेवढ्या ग्रुपांवर टाकला होता. फोटोत मी फेटा बांधून हसतोय. मागं पांढरा बोर्ड आहे. बोर्डावर माझ्याच सुवाच्य अक्षरात खात्याचं नाव आणि पासवर्ड. जुना नंबर शोधायचीही कुणाला गरज नव्हती. चोवीस साइटच्या तळाला मी तो स्वतःच लिहून ठेवला होता, आमच्याकडून साइट बनवून घ्या म्हणून.

बाईला फोन करून विनवलं, गाव सांगा, उद्या समोर येऊन बसतो. "ये," ती म्हणाली. "त्यो कधी येतो म्हनला न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाइक काढली. नाशिक फाटा, मोशी, चाकण. चाकणच्या चौकात अडकलेल्या माणसाची दाढी वाढते म्हणतात. माझी पांढरीही झाली. गाव चाकणच्या पलीकडं, भामा नदीच्या अंगाला. बाईच्या शेतापैकी निम्म्यावर आता कंपनीची भिंत आणि उरलेल्यात कामगारांसाठी बांधलेल्या बारा खोल्यांची ओळ. बाई त्या ओळीसमोर काठी घेऊन उभी होती आणि एकेका खोलीचा लाइटचा मीटर वाचत होती. वाचून झाल्याशिवाय तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"मला आकडं येत्यात," ती म्हणाली. "अक्षरं न्हाई. म्हनून पोरगं भितं."

ओट्यावर बसवून तिनं पाणी दिलं. आधार कार्ड पुढं केलं तर हातानं बाजूला सारलं. "असली कार्डं इथं ऱ्हायला येनारा परतेक जन दावतो. तू मला येगळं सांग. ह्यो नंबर मिळाला तवा पयले चार म्हैने मला माणसांचे फोन यायचे. सायट कुठवर आली, दुरुस्ती कवा करतो म्हनून. रबरवाली बाई हुती एक, लई येळा करायची. तिला तू काय कारन दिलं व्हतंस, उशीर का झाला म्हनून?"

ही माझी परीक्षा होती आणि उत्तर मला येत होतं, हीच अडचण.

"आजोबा वारले म्हणून सांगितलं होतं," मी म्हणालो.

"किती येळा?"

"दोनदा."

"तीनदा," ती म्हणाली. "तिसऱ्या येळी बाईनंच मला इचारलं, ह्यांना आजोबे किती हायेत. आन् लेथवाल्याला?"

"डेंग्यू."

"पेंटवाल्याला?"

"तेव्हा मी दुबईला होतो."

"व्हतास?"

"तळवड्याला."

तिनं मान हलवली. कौतुकानं की किळसेनं, मला कळलं नाही. "तूच हायेस. त्यो दुसरा म्हनतो, मी गिऱ्हाइकाला कधी थांबवलं न्हाई. मला तवाच कळलं, ह्यो त्यो न्हवं."

तेवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. मेसेज. मी घड्याळ पाहिलं: साडेतीन. मी माझा लॅपटॉप अजून उघडलाही नव्हता. पाठोपाठ फोनची रिंग. बाईनं ओठांवर बोट ठेवून मला गप्प बसवलं आणि स्पीकर लावला.

"आजी, जेवण झालं का?" आवाज पुरुषाचा, शांत, घाई नसलेला. "आज कडक ऊन आहे ना चाकणला?"

आपण चाकणकडच्या, हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. हे तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा फक्त तिची काठी घट्ट धरलेली दिसली. तो बोलत राहिला. माझी जन्मतारीख बोलला. माझ्या ऑफिसचा पत्ता बोलला, खालच्या दुकानासकट. माझी अडचण त्यानं अशी मांडली, की माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी आयुष्यभर फेकत आलो, पण हा माणूस माझ्या वर चार मजले होता.

मला राहवलं नाही. फोन ओढून घेतला. "ए, कोण रे तू? ते खातं माझं आहे!"

मग तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "आजी, तुमच्या शेजारी कुणीतरी फसवणारा माणूस बसलाय. सांभाळा." आणि फोन ठेवला.

बाईनं माझ्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. भिंतीपलीकडं कंपनीचा भोंगा झाला, दुसरी शिफ्ट आत गेली, तरी पाहतच होती. मग म्हणाली, "उघड तुजं मशीन."

नव्या मेसेजचे आकडे तिनं एकेक करून सांगितले, मीटर वाचावा तसे. मी आत शिरलो. ताईंचं नाव वर्षभरासाठी चालू केलं, पासवर्ड बदलला. आणि नंबर बदलायची वेळ आली तेव्हा हात थांबला. आठ दिवस ते खातं कुणी राखलं होतं? मी तिला आदल्या दिवशी मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या होत्या, तेवढी कुलपं तिनं त्या खात्याला लावली होती.

"मावशी, नंबर तुमचाच राहू दे?"

"ऱ्हाऊ दे. माझ्याजवळ काय खायला मागतोय."

तर नंबर तिचाच राहिला. मी खूश होतो. जिल्ह्यात नसेल अशी राखणदार फुकटात मिळाली, म्हणून मित्रांना मीठमसाला लावून सांगत होतो. पंधरा-वीस दिवसांनी तिचा फोन यायचा. "आला व्हता." पासवर्ड विसरलो असं दाबलं तरी ओटीपी जातो, तो आता तेच करत होता. एकदा म्हणाली, "आज बाई व्हती. रडत व्हती." एकदा म्हणाली, "पोलीस व्हता." मी हसून म्हणायचो, बढती झाली वाटतं.

मग एका दुपारी तिचा फोन आला.

"मगाशी तूच केला व्हतास न्हवं?" ती म्हणाली.

"नाही मावशी."

"तुझाच आवाज व्हता. हसनं सुदीक. डेंग्यू, दुबई, समदं सांगितलं."

ते मी मित्रांना सांगितलं होतं. रीलही केलं होतं त्याचं, माझ्या आवाजात, माझ्या हसण्यासकट. आणि तेवढ्यावरून आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी मशीनं आता कुणालाही मिळतात.

"दिलात का?"

"न्हाई. म्हनलं येऊन बस." मग तिनं हळू आवाजात विचारलं, "आन् आता बोलतोयस त्यो कोन?"

मी काहीही बोललो असतो, तरी ते त्यालाही बोलता आलं असतं.

मी तसाच उठून तिच्या ओट्यावर गेलो, समोर बसून तिनं वाचलेल्या ओटीपीनं खातं उघडून घेतलं आणि त्या दिवशी तिथूनच सरळ भोसरी गाठली. ताई प्रेसजवळ उभ्या होत्या. गरम रबराचा वास आणि मशीनचा दणका. मी म्हणालो, "ताई, तुमच्या साइटचं नाव तुमच्या खात्यात टाकून द्यायचंय."

"म्हंजे? आपलंच होतं ना ते?"

मी सांगितलं. या खेपेला आजोबा नाही, डेंग्यू नाही. सगळं सांगितलं: खातं कुणाचं, नंबर कुणाकडं, कोण मागतोय. सांगताना दोनदा प्रेस बंद पडून पुन्हा चालू झाला. ऐकून झाल्यावर ताईंनी हात पुसले, ऑफिसात आल्या, टेबलावर मोबाइल ठेवला.

अजून तेवीस नावं उरली होती.

मी ताईंच्या नावानं नवं खातं उघडलं, त्यांचा नंबर भरला. मोबाइल थरथरला. इतकी वर्षं असं काही आलं की ताई फोनच माझ्याकडं सरकवायच्या, "भाऊ, तुमीच बघा" म्हणत. मी त्याआधीच तोंड दुसरीकडं वळवलं आणि म्हणालो, "मलाही सांगू नका."

वळवायची गरज नव्हती. ताईंनी डाव्या हाताचा आडोसा केला होता आणि त्याच्या आड एकेक आकडा सावकाश भरत होत्या.