वाढलेलं ऑइल

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी डिझेलची गाडी घेतली. पेट्रोलची घ्या, असं मी म्हटलं होतं. "आम्हाला लांब फिरायचंय," ते म्हणाले. आईला घेऊन पार तळकोकणात जायचं, नर्मदेकाठी जायचं, असं त्यांच्या मनात होतं. एकदा नाशिकला जाऊन आले, तेवढंच. पुढच्या उन्हाळ्यात आईची मूत्रपिंडं निकामी झाली आणि गाडीचा रस्ता ठरून गेला. डहाणूतलं आमचं घर ते डहाणूतलाच दवाखाना. मध्ये बाजार, रिक्षा, रस्त्यात बसलेल्या गाई. तिसऱ्या गिअरची वेळच यायची नाही.

कधीकधी घर जवळ येता येता इंजिनाचा आवाज बदलायचा. पुढचा पंखा घोंघावू लागायचा, काहीतरी करपल्यासारखा वास यायचा. डायलिसिस करून आलेल्या आईला तो सोसत नसे. पदर नाकाला लावून ती म्हणायची, "अहो, बंद करा ना." बाबा गाडी कडेला घेऊन लगेच बंद करायचे. चावी काढली तरी पंखा काही वेळ फिरत राहायचा आणि आई डोळे मिटून बसून राहायची.

बाबा सकाळी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बाहेर काढत, फडक्याने पुसून पुन्हा घालून बघत. मला हाक मारून दाखवत. "बघ, थेंबभर खाल्लं नाही. उलट वरच दिसतंय." त्या दिवसांत बरं म्हणावं असं घरात दुसरं काही नव्हतं. मीही पट्टीकडे बघून मान हलवायची.

मग डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. बाबा म्हणाले, सर्व्हिसिंगला दाखवू. तेही राहून गेलं. एका सकाळी दवाखान्याच्या वाटेवर गाडीतला जोरच गेला. पाय दाबला तरी ती सरपटतच होती. मागून हॉर्न वाजू लागले. शेवटी आईला रिक्षात बसवलं, बाबा तिच्याबरोबर गेले आणि मी गाडीपाशी थांबले.

डहाणूच्या गॅरेजमध्ये तपासणीचं मशीन नव्हतं, म्हणून गाडी ओढून तलासरीला हायवेवर न्यावी लागली. तिथल्या मेकॅनिकने पट्टी काढली, नाकाशी नेली आणि बाबांपुढे धरली.

"काका, यात डिझेल उतरलंय. म्हणून ऑइल वाढलेलं दिसतं. पातळ झालंय पार."

"डिझेल? ऑइलमध्ये कसं जाईल?"

"धूर बाहेर जातो त्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल सोडते आणि काजळी जाळते. ते मध्येच तोडलं की फिल्टर भरत जातो आणि डिझेल खाली ऑइलमध्ये झिरपतं."

बाबांनी विचारलं, "करपल्यासारखा वास येतो, तेव्हा जळत असतं का?"

"हो. तेव्हा बंद नाही करायची. चालवत राहायची."

"तिला उलटी यायची," बाबा म्हणाले.

मेकॅनिकने पट्टी पुसून जागेवर ठेवली.

इंजिन वाचलं. त्याने फिल्टर साफ केला, ऑइल बदललं आणि आठवड्यातून एकदा तरी हायवेवर एका वेगात गाडी पळवायला सांगितलं. म्हणून दर रविवारी आम्ही तिघं निघू लागलो. चारोटीला हायवे धरायचा, तलासरीच्या पुढे गुजरातच्या हद्दीपर्यंत जायचं आणि परत. आईच्या पाठीला उशी. बाबांची नजर समोर, कान इंजिनाकडे. लांब फिरणं ते हेच.

एका रविवारी तलासरी आली तशी आई म्हणाली, "उधव्याला वळू या का? दादाला बघून येऊ." तिचं माहेर उधव्याचं. तेवढ्यात पंखा घोंघावू लागला होता.

"आत्ता नको. वळलो की वेग मोडेल," बाबा म्हणाले. "जळून जाऊ दे. येताना वळू."

तिने पदर नाकाला लावला. काच खाली केली तर ट्रकांचा धूर आत आला, म्हणून मी ती पुन्हा वर केली. येताना ती मान टाकून पडली होती. ओठ पांढरे पडले होते. आम्ही सरळ घरी आलो. पुढच्या रविवारी ती दवाखान्यात होती आणि पावसाळा संपायच्या आत गेली. मामा डहाणूला आला, तो तिला शेवटचं बघायलाच.

गाडी अंगणात उभी राहिली. बॅटरी उतरली, टायर बसले. मी म्हटलं, "बाबा, रविवारी एक चक्कर मारून येऊ या का?"

"कोणाला न्यायचंय?"

वापीला रोज कामाला जाणाऱ्या एका माणसाने ती घेतली. तो न्यायला आला तेव्हा बाबा आतच होते. दोनेक महिन्यांनी त्याचा फोन आला. गाडी छान पळते, काहीच तक्रार नाही, म्हणाला. मी आत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाले आणि कूस बदलली. लग्नकार्याला, देवाला, कुठेही चला म्हटलं तरी ते येत नाहीत. मीही आता विचारत नाही.