विनायकरावांचा न पेटणारा कागद

कतारमधल्या दोहात वाऱ्याच्या वाटेत जे उभे राहते त्याच्या पायथ्याशी वाळू साचते. मित्रमंडळींत किस्से असेच एखाद्या माणसापाशी साचतात. ते नेमके कोणापाशी साचतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. लोककथांवर काम करताना मला असे दिसले की किस्से सर्वांत कर्तबगार किंवा सर्वांत विनोदी माणसाभोवती जमतातच असे नाही. ज्याची आपल्याला काळजी वाटते, त्याच्याभोवती ते जमतात. सांगणाऱ्यांच्या हे बहुधा लक्षात येत नाही.

फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीची ती वर्षे होती. पत्नीच्या नोकरीमुळे मी दोहाच्या अल थुमामा भागात राहत होतो आणि शुक्रवारी दुपारी आम्ही काही मराठी मंडळी विनायकरावांकडे जेवायला जमत असू. विनायकराव मूळचे चिपळूणचे. दोहाजवळच्या मेसईदमधल्या एका कारखान्यात कागदावर अग्निरोधक लेप चढवण्याचा विभाग त्यांच्याकडे होता. सिगारेट फार ओढत. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी या एका गोष्टीवरून त्यांच्याशी रोज भांडत आणि रोज हरत.

स्पर्धेचा पहिला सामना विनायकरावांना पाहता आला नाही. त्यांचे किस्से अजून चालतात. शब्द तेच आहेत, सांगणाऱ्यांचा आवाज तेवढा उतरला आहे.

*

त्यांचा कागद कशासाठी होता, हे त्यांनी आम्हाला एका शुक्रवारी आमटीभात कालवता कालवता सांगितले. बाजारात तंबाखूच्या नव्या कांड्या आल्या होत्या. त्या पेटवायच्या नसतात. एका छोट्या यंत्रात खुपसल्या की आतली तंबाखू नुसती तापते. पण ओढणाऱ्याचा हात जन्मभराच्या सवयीने लायटरकडे जातो. म्हणून कांडीभोवतीचा कागद असा हवा की ज्योत लावली तरी तो पेट घेणार नाही.

आमच्यातला सर्वांत तरुण दिलीप, नाशिकचा, स्टेडियमच्या कंत्राटदाराकडे आयटीत होता. त्याने शांतपणे विचारले, "म्हणजे काका, भाजायची नाही, उकडायची?"

"तसंच म्हण."

"तुम्हा कोकणवाल्यांना मोदकापासून तंबाखूपर्यंत सगळं उकडीचंच लागतं."

विनायकराव हसले आणि हसता हसता खोकले. तो खोकला आम्ही तेव्हा हसण्यातच जमा केला.

*

कारखान्याच्या फाटकात काड्यापेटी, लायटर काढून घेत. विनायकरावांना मात्र चाचणीसाठी लायटर नेण्याचा खास परवाना होता. फाटकावरचा नेपाळी गार्ड रोज तो परवाना पाही आणि रोज अस्वस्थ होई. शेवटी एकदा त्याने विचारलेच.

"साब, आग अंदर क्यों ले जाते हो?"

"ये देखने, कि नहीं लगती।"

गार्डने क्षणभर विचार केला. "जब लगती ही नहीं, तो बाहर ही रख दो ना, साब।"

विनायकराव म्हणत, आपल्या हुद्द्याबद्दल इतका मूलभूत प्रश्न मॅनेजमेंटनेही कधी विचारला नव्हता.

*

परदेशी ग्राहक कागद पाहायला आले, तो दिवस विभागाच्या दृष्टीने निर्णायक होता. ऑर्डर मिळाली नाही तर विभाग बंद होणार, हे सर्वांना माहीत होते. विनायकरावांनी मीटिंग रूममध्ये एकेक कांडी घेऊन तिला लायटर लावून दाखवला. कागद काळवंडला, पण पेटला नाही. पाहुण्यांनी माना डोलावल्या. कतारी मॅनेजरने समाधानाने गावा, म्हणजे अरबी कॉफी, मागवला.

एवढ्यात इमारतीतला फायर अलार्म वाजला. "यल्ला, यल्ला," चला, चला, करीत मॅनेजरने पाहुण्यांना, त्यांच्या कॉफीच्या कपांसकट, भर उन्हात असेंब्ली पॉइंटवर नेऊन उभे केले. चौकशीत निष्पन्न झाले ते असे: डेमो यशस्वी झाल्याच्या आनंदात विनायकराव जिन्यात जाऊन साधी सिगारेट ओढत होते.

ऑर्डर तरीही मिळाली. मॅनेजर त्यांना म्हणाला, "तुझा कागद पास झाला. तू नापास."

*

एक्स-रेचा किस्सा आम्ही फारसा सांगत नाही, पण तो गाळला तर पुढचा उभा राहत नाही.

खोकला थांबेना तेव्हा वहिनींनी त्यांना दवाखान्यात नेले. मल्याळी डॉक्टरने फुप्फुसावरचा डाग दाखवला आणि सिगारेट त्याच दिवसापासून बंद करायला सांगितली. विनायकरावांनी तोडगा मांडला: आपण आपल्याच कागदातल्या कांड्यांवर येऊ. त्यात काही जळत नाही, धूर नाही, मग बाधणार काय?

लोकसमजुतींत अग्नीला साक्षीदाराचा मान आहे. ज्वाळा दिसली नाही की माणसाला वाटते, काही घडलेच नाही. इथे ती विनायकरावांसारख्या रसायनतज्ज्ञाने डॉक्टरपुढे इंग्रजीतून मांडली, इतकाच फरक.

डॉक्टर म्हणाला, "कागद तुमचा आहे, त्याबद्दल तुम्ही बोला. फुप्फुसाबद्दल मला बोलू द्या."

बरीच घासाघीस होऊन घरी एक तह झाला. संध्याकाळी एकच सिगारेट, तीही बाल्कनीत, आणि पाकीट वहिनींच्या ताब्यात.

*

वहिनींनी या तहाचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. विनायकराव नमुन्याचे कागद घरी आणत, ते कपाटात पडून असत. दुपारी ते कामावर गेले की वहिनी एक सिगारेट उकलत, तिची तंबाखू नमुन्याच्या कागदात भरत, कडेला मैद्याची खळ लावून वळत आणि पाकिटात परत ठेवत. गृहिणीने नवऱ्याचे शास्त्र नवऱ्यावरच उलटवले होते.

संध्याकाळी बाल्कनीतून लायटरचा आवाज येई. टक. टक. टक. टोकाशी तंबाखू क्षणभर लाल होई आणि विझे. काही वेळाने विनायकराव आत येऊन म्हणत, "आज हवा फार दमट आहे. धरतच नाही."

"समुद्र जवळ आहे ना," वहिनी भाजी चिरत म्हणत.

हे त्यांनी माझ्या पत्नीला स्वयंपाकघरात सांगितले आणि महिन्याभरात आमच्या साऱ्या वर्तुळाला कळले. थंडीत, अगदी कोरड्या वाऱ्यातही विनायकरावांची हवा दमटच राहिली. दिलीप म्हणे, "एवढा मोठा एक्स्पर्ट, आणि घरात चालू असलेली ट्रायल कळत नाही."

आम्ही खूप हसलो. वहिनी हसत नसत. "डाग वाढला नाही म्हणजे झालं," एवढेच म्हणत.

डाग वाढला.

*

शेवटच्या महिन्यांत त्यांच्या पलंगाशी ऑक्सिजनचे मशीन आले. घरातल्या काड्यापेट्या, लायटर, उदबत्त्या सगळे बाहेर गेले. वहिनींनी देवापुढची समईही लावायची थांबवली. फुले वाहून त्या नुसता नमस्कार करीत.

अशाच एका शुक्रवारी मी आणि दिलीप त्यांना भेटायला गेलो. दिलीप स्टेडियमच्या दिव्यांची चाचणी कशी झाली ते सांगत राहिला. विनायकरावांनी ऐकून घेतले. मग वहिनींना म्हणाले, "अगं, एक दे."

"अहो, काहीतरीच काय!"

"पेटवायला कुठे मागतोय. नुसती धरतो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. त्या उठल्या, कपाटातून पाकीट काढले आणि एक सिगारेट त्यांच्या हातात दिली. विनायकरावांनी ती ओठांशी नेली नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून कडेवरून सावकाश बोट फिरवले, मशीनवरून उतरलेला नमुना तपासावा तसे.

"पहिल्या दिवशी तू फार सैल वळली होतीस," ते म्हणाले. "आता हात बसला तुझा."

दिलीप खिडकीकडे पाहू लागला.

वहिनींनी त्यांच्या हातातून सिगारेट हळूच काढून घेतली, पाकिटात ठेवली आणि त्यांच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले.

"उद्याचीही वळून ठेवलीय," त्या म्हणाल्या.