त्र्याण्णव साल आणि बिनकडीचं दार

त्र्याण्णव साल म्हटलं की शिकलेली माणसं मुंबईतल्या बॉम्बस्फोटांचं सांगतात. ते आमच्याकडं रेडिओवर आलं. लोक पारावर हळहळले आणि ज्वारीची रास करायला गेले. त्याच साली गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं, तेव्हा दुसरी गोष्ट मात्र थेट घरात आली. मी चौथीपर्यंत शिकलो, पण ह्या सालाचं मला कोणी शिकवू नये.

आमचं गाव औशाच्या बाजूला. घर माळवदाचं. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती, त्यावर तुळया, फळ्या आणि वर पांढरी माती. गळू नये म्हणून दर साल पावसाच्या आत नवा थर द्यायचा, ही इकडची रीत. जुना थर कोणी काढत नसे. ज्याचं माळवद जाड, तो घरंदाज. आमचं गावात सगळ्यात जाड, बापानं बांधलेलं. त्या रात्रीच्या भूकंपात एका कोपऱ्याला चीर गेली, बाकी जागचं हललं नाही.

बायकोचं माहेर किल्लारीकडलं. तिथं भिंती फाकल्या आणि वर्षानुवर्षं चढवलेली ती माती एकदम खाली आली. आम्ही पोचलो तेव्हा मिलिटरीची पोरं तोंडाला फडकी बांधून उकरत होती. मोठे पुढारी हेलिकॉप्टरनं येऊन गेले, कुठून कुठून माणसं ब्लँकेटं घेऊन आली. बायकोनं कोणाकडं पाहिलं नाही. तिचा भाऊ दाराच्या आतच सापडला. दार वाकून कडी अडकली होती.

घरी आल्यावर तिनं आधी आमच्या दाराची कडी पहारीनं उपटली आणि कडब्याच्या खोलीत फेकली. मग हातरूण उचलून अंगणात.

"माळवद उतरवा. तवर मी आत निजणार न्हाई."

"घर पडलंय का? उभं हाय न्हवं?"

"माझ्या भावाचंबी आदल्या दिशी उभंच व्हतं."

मी ऐकणारा नव्हतो. सरकारनं पत्रे दिले, ते तिनं अंगणात अगदी दारासमोर ठोकून घेतले आणि खाली खाट टाकली. सैपाक आत, निजणं बाहेर. शेजारी चिडवायचे, "मालक आत, मालकीण भाईर. जावई रुसतात ऐकलं व्हतं, हितं घरधनीणच रुसली की वो." थंडीत खोकला लागला तरी ती आत आली नाही. नवी कडी बसवायला मी सुतार आणला, तर तिनं त्याला चहा पाजून माघारी लावला. मला वाटलं, मला डिवचायला करते. अशी लई वर्षं गेली.

पुढं लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. आमच्या नातीनं डॉक्टरकीसाठी तिथं क्लास लावला. खाणावळीचं तिला सोसेना, म्हणून आजी सैपाकाला जाऊन राहिली. चार मजली इमारत, तळाला एक खोली. वर नायगावची, किनवटची, जळकोटची पोरं, जिन्यात फिरत पाठांतर करणारी.

मी ज्वारीचं पीठ घेऊन गेलो. बघतो तर खोलीत दोन हातरुणं, दोन्ही दाराला लागून.

"तू आत निजतीस?"

"मग कुठं?"

"वर किती मजले हायत बघितलंस का?"

"बघितलं की. म्हणून पोरीला एकटीला खाली ठेवू?"

ते मला लागलं. "आन् मी? मी एकटाच निजलो की इतकी वर्सं."

नातीनं पुस्तकातून मान वर केली. बायको भाकरी थापत राहिली.

"तुम्ही काय माझं ऐकणार व्हता?" ती म्हणाली. "म्हणून तर खाट दारासमोर टाकली. कडी बसू दिली न्हाई. कवा काय झालं तर दार ढकलून तुमाला वढता यावं."

मी जेवून उठलो. त्या खोलीच्या कडीलाही तिनं चिंधी गुंडाळली होती, लागूच नये म्हणून.

आमचं माळवद भक्कम होतं, हे मी आजही कोणालाही सांगीन. पण गावी आल्यावर त्या उन्हाळ्यात फावडं घेऊन वर चढलो आणि माती खाली लोटायला लागलो. शेजाऱ्यानं विचारलं, "काय झालं वो?"

"गळायलंय," म्हणालो.

गळत नव्हतं.