माशांखालचं पिस्तूल

शेठनं माझ्या शर्टाची कॉलर धरली, नाक जवळ आणलं आणि हुंगलं. भर अंगणात. शेठच्या बाईसाहेब दारात उभ्या होत्या.

"आंघोळ करून आला का बे?"

"हो शेठ."

"कोनं सांगतलं होतं तुले? जा, कालचा शर्ट घालून ये. थो माशाच्या वासाचा."

शेठच्या मेहुण्याकडं लग्न होतं, मध्यप्रदेशात, कटंगीला. लग्न म्हणून बायकोनं शर्ट धुऊन, इस्त्री करून दिला होता. घरी जाऊन मी तो काढला. आदल्या दिवशी आईसोबत जाळं ओढताना घातलेला, खवले चिकटलेला शर्ट अंगात घातला.

मी ढिवर, मासे धरणाऱ्या जातीचा. आई अजून तलावात उतरते. मी शिकलो थोडं, गाडी चालवायला लागलो. चिखल्याच्या खाणीतला माल वाहणारे ट्रक शेठचे. त्यांची घरची गाडी मी चालवायचो.

शेठकडं पिस्तूल होतं. लायसन पक्कं, पण फक्त महाराष्ट्रापुरतं. भंडाऱ्यात, तुमसरात ते कमरेला लावून फिरत. नाकाडोंगरी सोडली की मध्यप्रदेशची हद्द. तिथं ते लायसन चालत नाही. देशभराचं मागितलं होतं, मिळालं नाही. मग सोडून जावं ना घरी? नाही. मेहुण्याच्या ओसरीत बसायचं, खाजवल्यासारखं करून शर्ट वर करायचा, चार लोकांना मूठ दिसू द्यायची. त्याशिवाय या माणसाला जेवण जात नव्हतं.

म्हणून शेठनं डोकं लढवलं. आईनं धरलेले जिवंत मासे टोपलीत घालायचे. पाहुण्यांना भेट. हद्दीच्या अलीकडं एका आंब्याखाली गाडी थांबायची. शेठ कमरेचं काढून प्लास्टिकमध्ये गुंडाळून मला देत. मी ते टोपलीच्या तळाशी घालायचो. त्यावर मरळ, सगळ्यात वर काटा मारणारी शिंगी, आणि वरून ओलं पोतं. टोपली पुढच्या सीटवर, माझ्याशेजारी.

पहिल्या खेपेला पलीकडच्या नाक्यावरचा शिपाई खिडकीत वाकला.

"ये क्या है?"

"मछली, साहब."

त्यानं पोतं उचललं. शिंगी उसळली. तो मागं सरकला, नाकावर हात धरला. मागच्या सीटवरून शेठ हसून बोलले, "ढीमर है साहब. नहा ले तो भी बास नहीं जाती." शिपाईही हसला. गाडी सुटली.

नाका मागं पडल्यावर शेठनं माझा खांदा थोपटला आणि हात रुमालाला पुसला. म्हणाले, "पाह्य, तुह्या वासानं आपलं लायसन मध्यप्रदेशातही चालते."

मीही हसलो होतो. मला वाटलं, शेठनं भरवशाचा माणूस म्हणून हे काम दिलं. ते हसणं आठवलं की अजून तोंडात कडू पाणी येतं.

तिकडं पोचलं की मागच्या अंगणात मी ते पिस्तूल पुसायचो, प्लास्टिक साबणानं धुवायचो. शेठ मुठीला अत्तर लावत, मग कमरेला खोचत. ते ओसरीत बसायचे, माझं ताट गोठ्याजवळ यायचं. एकदा मेहुण्याची म्हातारी म्हणाली, "याले पत्रावळीवर दे, ताट बाटते." पाहुण्यांनी बोटं चाटूनपुसून खाल्लेले मासे माझ्याच आईनं धरलेले होते. मासे चालतात. धरणारा चालत नाही.

तर त्या लग्नाच्या दिवशी. मी घाणेरडा शर्ट घालून परसात गेलो तेव्हा आई टोपली भरत होती.

"दर खेपेले शेठ तिकडं मासे काहून नेते रे?"

तोवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. शर्टाचंही सांगितलं. आईचे हात थांबले.

"मासे पोटासाठी धरतो बाबा आपन," ती म्हणाली. "कोनाचं पाप झाकासाठी नाही."

एवढं बोलून तिनं टोपली भरली, पोतं भिजवून वर टाकलं. भरणार नाही तर काय? घर माझ्या नोकरीवर चालत होतं.

आंब्याखाली गाडी थांबली. पिस्तूल माशांखाली गेलं. तिकडं निवडणूक लागली होती, पुढं नाक्यावर गाड्यांची रांग दिसत होती. पोलीस डिक्क्या उघडून बघत होते, सीटा उचलत होते. मी विचारलं, "शेठ, सापडलं तं?"

शेठ मोबाइल बघत होते. मान वर केली नाही.

"सापडलं तं म्हनू, ढिवरानं चोरलं. पोलिसाले पटाले काही वेळ नाही लागत."

आवाजात राग नव्हता. डिझेल भर म्हणावं तसं सांगितलं. म्हणजे हे आधीच ठरलं होतं. पहिल्या खेपेपासून, प्रत्येक वेळी, त्या माणसानं मला चोर ठरवूनच गाडीत बसवलं होतं. परक्या राज्यात मी तुरुंगात सडलो असतो आणि हा ओसरीत बसून मरळ खात सांगत राहिला असता, असल्या लोकांचं काही खरं नसते बाप्पा.

मला मळमळलं. माशांच्या वासानं नाही. तो वास माझ्या घरचा आहे, त्यावर मी मोठा झालो. मागच्या सीटवरून येणाऱ्या अत्तरानं मळमळलं.

मी किल्ली काढून घेतली. खाली उतरलो, टोपली उचलली, मागचं दार उघडलं आणि टोपली त्याच्या मांडीवर ठेवली. पांढऱ्या पँटवर पाणी पसरलं.

"तुमचं हाय. काढून घ्या."

"अबे, पागल झाला का?"

"काढा. वरती शिंगी हाय, काटा मारते. सांभाळून."

त्याचा हात टोपलीच्या काठापर्यंत गेला आणि मागं आला. पुन्हा गेला, पुन्हा मागं आला. बाईसाहेबांनी पदर नाकाला लावला. "तूच काढ ना रे लवकर, लोकं पाहून राहिले," त्या म्हणाल्या.

"नाही बाई. मी हात नाही लावत."

तेव्हा त्याचा चेहरा पालटला. "दाखवली ना जात? उद्यापासून येऊ नोको. आन तुह्या मायले तलावात पाय ठेवू देनार नाही, सांगून ठेवतो."

मी किल्ली पुढच्या सीटवर टाकली आणि उलट दिशेनं चालायला लागलो. त्यानं टोपलीत हात घातला की नाही, मी मागं वळून पाहिलं नाही. घरी आलो, आईला सगळं सांगितलं. तलावाच्या धमकीचंही सांगितलं. ती म्हणाली, "येऊ दे त्याले अडवाले." सकाळी जाळं घेऊन गेली. आजही गेली आहे.

नोकरी गेली. दुसरी कुणी देत नाही, शेठचा शब्द सगळीकडं पोचला आहे. परवा त्याचा माणूस दारात आला होता. म्हणाला, पाय धर, मिटून जाईल. नाही तर शेठ पिस्तूल चोरल्याची तक्रार देऊन राहिला.

मी त्याला आत बोलावलं नाही. दारातच सांगितलं, दे म्हणा तक्रार.

मी गाव सोडून पळणार नाही. ठाण्यात बोलावलं तर धुतलेला, इस्त्रीचा शर्ट घालून जाईन. पिस्तूल कुणाचं, कुणाच्या कमरेचं, हद्दीपलीकडं कशाला न्यायचं आणि ते माशांखाली कुणी ठेवायला लावलं, सगळं सांगेन. माझ्या हातानं ठेवलं, हेही सांगेन. त्याची शिक्षा झाली तर माझ्या वाट्याची भोगेन. शेठच्या वाट्याची एका दिवसाचीही नाही.