गाडीला थंडी बाधते

आमच्या मुंबईत थंडी म्हणजे डिसेंबरात चार दिवस मफलर मिरवायची सोय. पण मी ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये कारकून म्हणून चिकटलो, तिथे बारा महिने हाडं गोठायची. जागा रे रोडला, गोदीच्या अंगाला. बाहेर सदरा घामानं पाठीला चिकटलेला आणि जाड लाकडी दार उघडलं की आत बर्फ. बटाटे, सफरचंदं, मासळी, लोण्याचे डबे. हमाल घोंगड्या शिवून केलेले कोट घालून आत जायचे. मी दारातूनच नग मोजायचो. इंटर सायन्स पास माणूस आत कशाला जाईल?

तिथे बॅटरीवर चालणारी एक गाडी होती. विलायतेहून आलेली, बुटकी, पुढे उभं राहायला फळी आणि मागे माल ठेवायला पाट. रात्रभर बॅटरी भरायची आणि दिवसभर गाडीनं दारापासून आतल्या खोल्यांपर्यंत खेपा करायच्या. ती चालवणाऱ्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. चिंचपोकळीला चाळीत राहायचे, पन्नाशी उलटलेली. त्या सुमारास त्यांनी दीक्षा घेतली होती. सकाळी ते मला 'जय भीम' म्हणत, मी 'नमस्कार' म्हणे. वीस वर्षं त्याच गोदामात डोक्यावर ओझी वाहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. ही गाडी आली म्हणून ते टिकले. गाडी सुटली तर पुन्हा हमाली, आणि तीही आत, बर्फात. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

गाडी अधूनमधून दुपारीच बंद पडायची. गाडीबरोबर आलेल्या विलायती पुस्तकात लिहिलेल्या खेपांच्या जेमतेम निम्म्या व्हायच्या. मॅनेजरचं म्हणणं, हा माणूस सभा-मोर्चांना पळतो, बॅटरी नीट लावून जात नाही. मामा म्हणाले, "साहेब, बॅटरी मी रोज भरतो. पण गाडीला थंडी बाधते. बाहेर कशी झकास पळते. आत तासभर काढला की तिचा जीव आखडतो."

ऑफिसात हसून हसून मुरकुंडी वळली. त्यात मी पुढे. थंडी सजीवांना वाजते, लोखंडाला आणि शिशाला नाही, हे मी मामांना समजावून सांगितलं. शहाणपण पाजळायची एकही संधी मी त्या वयात सोडत नसे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल बुवा, इंटरसाहेब." दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅटरीच्या पेटीभोवती गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलं. मॅनेजरनं तो गबाळेपणा म्हणून सोडायला लावलं.

मग ठरलं की मी एक दिवस गाडीवर उभं राहून खेपा मोजायच्या. पुस्तकाइतक्या भरल्या तर दोष गाडीचा नाही, मामांचा. दिवस मुक्रर झाला, आणि नेमका त्याच दिवशी बंद पुकारला गेला. मराठी राज्याच्या चळवळीच्या त्या वर्षांत बंदांना काय तोटा. मी गिरगावातून चालत आलो, मामा चिंचपोकळीहून चालत आले. हमाल चार-दोनच. तेवढ्यांसाठी थंड खोल्या उघडायच्या नाहीत असा हुकूम झाला, म्हणून दिवसभर बाहेरच्या शेडमधल्या पेट्या इकडून तिकडे हलवल्या. गाडी मजेत पळत होती. संध्याकाळपर्यंत पुस्तकातला आकडा ओलांडला.

मामांना काय होणार ते माझ्याआधी कळलं. ते म्हणाले, "साहेब, आज आपण आत गेलोच नाही. तेवढं लिहा."

"लिहितो," मी म्हटलं.

छापील तक्त्यात तारीख, चालकाचं नाव, खेपा आणि सही एवढेच रकाने होते. खाली कोरी जागा होती, तिथे एक ओळ सहज बसली असती. पण ती लिहिली तर मॅनेजर म्हणणार, मग आज मोजलंस कशाला? उद्या पुन्हा उभा राहा, आणि या खेपेला आत. शिवाय शिवाजी पार्कला सभा होती आणि मला पुढे जागा धरायची होती. मी आकडा लिहिला, सही ठोकली आणि निघालो. सभेत कष्टकऱ्यांच्या राज्याबद्दल भाषणं झाली. घोषणा देऊन देऊन माझा घसा बसला.

चौथ्या दिवशी मामांची गाडी काढून घेतली. घोंगडीचा कोट घालून ते दारातून आत जाताना माझ्यापाशी थांबले. "तुम्ही होतात ना शेजारी?" एवढंच विचारलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी त्यांच्यावरच चिडलो. 'नग मोजायचेत, पुढे व्हा' म्हणालो.

नवा गाडीवाला मॅनेजरच्या ओळखीतला होता. त्याचीही गाडी आठवड्याच्या आत थंड खोलीत बंद पडली, मग पुन्हा पडली. तेव्हा मॅनेजरनं सुतार बोलावून पेटीला आतून जाड कांबळ्याचं अस्तर लावून घेतलं. गाडी बरीच सुधारली. मॅनेजरच्या डोक्याची ऑफिसात वाहवा झाली. गोणपाटाची आठवण कुणीच काढली नाही, मीसुद्धा. मामांनी एक पावसाळा काढला आणि मग यायचे बंद झाले. गुडघे, म्हणे. पुढे राज्य झालं, आम्ही गिरगावात पेढे वाटले.

माझी मुलगी आता परदेशात, बर्फाच्या गावात असते. तिनं विजेवर चालणारी मोटार घेतलीय. मागच्या हिवाळ्यात फोनवर सांगत होती, की उन्हाळ्यात एका चार्जिंगमध्ये जाऊन-येऊन होतं, थंडीत मात्र परत येताना धाकधूक असते.

"गाडीला थंडी बाधते, बाबा," ती म्हणाली. "इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गाडीबरोबर पुस्तक येतं त्यात छापलंय."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला? कुणी सांगितलं?"

"आमच्या गोदामातल्या मामांनी. तुझ्या जन्माच्या आधी. तेवढं लिहा म्हणाले होते."

"मग लिहिलंत?"

मी तिला सांगितलं की तक्त्यात खाली कोरी जागा होती.